खिडकीपाशी चार मिनिटं

बाईंनी घड्याळ पाहिलं आणि कागदावर लिहिलं: दोन वाजून दहा मिनिटं, टेक अकरावा. पुढचा रकाना त्यांनी कोराच ठेवला. अकराव्या टेकमध्येही भिंगरी रडली नव्हती.

बाई तीस वर्षं तिसरी-चौथीला शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि आता सिनेमाच्या सेटवर काम करत होत्या. मूल कॅमेऱ्यासमोर उभं राहणार असेल तर तिथे एक शिक्षक हवाच, असा नियम होता. दोन शॉटच्या मध्ये मुलाचा अभ्यास घ्यायचा, त्याने वेळेवर खाल्लं का ते बघायचं, त्याला त्याच्या माणसाशिवाय कोणाजवळही एकटं सोडायचं नाही आणि ठरलेली वेळ भरली की काम थांबवायचं. ऐकायला साधं. पण बाई खुर्चीतून उठून "वेळ झाली" म्हणाल्या की दीडशे माणसं हातातलं काम टाकून थांबत. दोन-तीन निर्मात्यांनी त्यांच्या नावाने बोटं मोडली होती. चौथीचा वर्ग सांभाळलेल्या माणसाला निर्मात्यांची काय भीती?

आज मात्र सगळ्यांचंच लक्ष घड्याळाकडे होतं. भिंगरीची वेळ साडेतीनला संपत होती आणि चार वाजता घर बुडवायचं होतं.

घर म्हणजे सेट. एका मोठ्या कोरड्या हौदात लाकूड आणि प्लायवूड ठोकून ते उभं केलं होतं. आत पलंग, कपाट, भिंतीवर रंग, खिडकीला पडदा. चार वाजता हौदात पाणी सोडणार, ते खिडकीच्या वर चढणार, पलंग तरंगणार, आणि सात कॅमेरे ते टिपणार. एकदा पाणी सोडलं की ते घर पुन्हा उभं राहणार नव्हतं. त्याआधी त्याच खिडकीपाशी भिंगरीचा एक शॉट हवा होता. शहर बुडतंय, माणसांना नेणारी शेवटची गाडी निघून जाते, आपण मागे राहिलो हे खिडकीतल्या मुलीला कळतं आणि तिला रडू फुटतं. एवढंच. पण ते एवढंच सकाळपासून होत नव्हतं.

भिंगरी नऊ वर्षांची होती. हे नाव तिला तिच्या मामाने ठेवलं होतं, कारण ती एका जागी ठरायची नाही. गणित सोडवता सोडवता उठायची, दाराशी जायची, बाहेर डोकवायची, परत येऊन बसायची. आईवडील दोघं कामावर जात, म्हणून सेटवर तिच्याबरोबर मामा येई. मामा शिंपी होता. बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसून तो दिवसभर लोकांचे कपडे बघायचा.

"हा पडदा बघितलात, बाई?" तो म्हणाला. "उलट्या बाजूने शिवलाय. एवढा मोठा सिनेमा आणि शिवण बाहेर."

"कॅमेऱ्यात दिसत नाही म्हणतात."

"तेच सांगतोय. मोठ्या सिनेमाचं सगळं असंच. दिसतं तेवढंच असतं."

"आणि छोट्या सिनेमाचं?"

"त्याचं उलट. असतं पुष्कळ म्हणे, दिसत काहीच नाही." मामाने आवाज खाली घेतला. "तुमच्या चिरंजीवांचा सिनेमा बघितला मी. रागावू नका हं. तो म्हातारा चहा गार होईपर्यंत बघत बसतो. माझा डोळा लागला. जाग आली तरी चहा तिथेच."

बाई हसल्या.

"पण आमची भिंगरी खिडकीपाशी येऊन उभी राहिली ना," मामा म्हणाला, "तेव्हा मी सरळ बसलो. खोटं कशाला बोलू."

ते सगळेच म्हणत. बाईंच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी एक सिनेमा केला होता. नऊ माणसं, एक कॅमेरा, ओळखीच्यांनी पंधरा दिवसांसाठी दिलेल्या दोन खोल्या. त्यात एक मुलगी खिडकीपाशी आईची वाट बघते. चार मिनिटांचा एकच शॉट, मध्ये कुठे तुटत नाही. आधी ती नुसती बघते, मग तिची हनुवटी थरथरते, मग ती ओठ आवळते, आणि मग रडू तिच्या हाताबाहेर जातं. तेव्हा भिंगरी सात वर्षांची होती आणि तिच्याकडे बघायला तिथेही बाईच होत्या. तो सिनेमा फार लोकांनी पाहिला नाही, पण ज्यांनी पाहिला ते तो शॉट विसरले नाहीत. बाईंनी तो आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना घरी बोलावून दाखवला होता. असं काम मोठ्या कंपन्यांना सात जन्मांत जमायचं नाही, असं त्या प्रत्येकाला सांगत.

दिग्दर्शक त्यांच्याकडे चालत आला. मोठ्या सिनेमाचा दिग्दर्शक असला तरी माणूस आरडाओरडा करणारा नव्हता. तो बाईंच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला.

"ग्लिसरीन घालून पाहिलं, मेंथॉल लावून पाहिलं. पाणी येतंय बाई. रडू येत नाही."

"संगणकावर अश्रू काढता येतात ना हल्ली?"

"अश्रू येतात काढता. हनुवटी काढता येत नाही." त्याने खिडकीकडे पाहिलं. "तुमच्या मुलाचा तो शॉट मी निदान चाळीस वेळा पाहिला असेन. या मुलीला मी तेवढ्यासाठीच घेतलं. माझ्याकडे सात कॅमेरे आहेत, पाऊस पाडायची यंत्रं आहेत, उद्या म्हटलं तर आणखी एक शहर उभं करून देतील. ती हनुवटी तेवढी नाही."

बाईंना आतून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून थोडं ओशाळल्यासारखंही झालं.

"त्याला बोलावून घेतलंय," दिग्दर्शक उठत म्हणाला. "पोचेल इतक्यात. त्याला माहीत असेल तिला कसं हाताळायचं."

बाईंचा मुलगा पाचच मिनिटांत आला. चौतिशीचा, किरकोळ अंगाचा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. हौदाच्या काठावर उभं राहून त्याने ते घर डोळे भरून पाहिलं. मग आईकडे आला.

"काय थाट आहे तुझा, आई. खुर्चीवर नाव बिव लिहिलंय."

"जेवलास का?"

"नंतर." तो खाली वाकला आणि हळू बोलू लागला. "निर्माता आलाय आज. दिग्दर्शक म्हणाला, हे जमलं तर माझी नवी गोष्ट तो आजच ऐकवणार त्यांना. चार वर्षं झाली ती पडून आहे, आई."

"जमेल की. तुझ्याशी मोकळी आहे ती."

असं म्हणत बाईंनी भिंगरीकडे पाहिलं. मुलगी सेटच्या पायऱ्या उतरून येत होती. बाईंच्या मुलाला बघितल्यावर ती धावत येईल असं त्यांना वाटलं होतं. पण ती जागच्या जागी थांबली. मग लांबून वळसा घेऊन मामाच्या मागे गेली आणि तिने त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं.

"काय गं भिंगरी, ओळखलं नाहीस का दादाला?" बाईंनी विचारलं.

"ओळखलं," भिंगरी म्हणाली. आणि मामाला म्हणाली, "तू कुठे जाऊ नकोस."

"मी कुठे जातोय? मी इथेच मुळं धरलीत सकाळपासून."

"मला दहा मिनिटं हिच्याबरोबर द्या," बाईंचा मुलगा म्हणाला. "एकटीबरोबर."

"एकटीबरोबर नाही. नियम आहे."

"आई, नियम मला सांगतेस?"

तो हसला आणि दिग्दर्शकाकडे गेला. बाईंना त्याचं हसणं खटकलं असं नाही. त्यांच्या डोक्यातून मुठीत धरलेलं शर्टाचं टोक जात नव्हतं.

अभ्यासासाठी हौदाच्या बाजूला प्लायवूडचीच एक छोटी खोली केली होती. दोन खुर्च्या, एक टेबल. बाईंनी भिंगरीला भागाकार घातला आणि स्वतः पेन्सिलीला टोक काढत बसल्या. मुलाला प्रश्न विचारला की मूल बरोबर उत्तर शोधायला लागतं, हे त्या तीस वर्षांत शिकल्या होत्या. खरं उत्तर हवं असेल तर आपण हाताला काहीतरी काम लावून गप्प बसायचं.

भिंगरीने एक भागाकार केला. दुसरा अर्धा केला.

"दादा कशाला आलाय?"

"तुला मदत करायला."

"रडायची?"

"हो."

तिने बाकी चुकीची काढली, खोडली, परत तीच काढली. "तो सांगेल की आई येणार नाही."

बाईंचं पेन्सिलीला टोक काढणं थांबलं नाही, पण गती मंदावली.

"त्या वेळी सांगितलं होतं. आई मला न्यायला येणार नाहीये. आईने मला त्यांना देऊन टाकलंय, आता इथेच राहायचं. मग मी खिडकीतून बघत होते, पण रस्ता दिसत नव्हता, मागची भिंत दिसत होती. मग झालं की तो म्हणाला गंमत केली. आणि मला चॉकलेट दिलं. मोठं."

"तुला कळलं का मग, की गंमत होती?"

"मला माहीत होतं गंमत आहे." भिंगरीने पेन्सिलीचं मागचं टोक दातात धरलं. "पण मला माहीत नव्हतं."

बाईंनी टोकयंत्र टेबलावर ठेवलं. दाराकडे बघत बसणारी, दर पाच मिनिटांनी उठून बाहेर डोकावणारी ही मुलगी चुळबुळी नव्हती. दोन वर्षं ती कोणीतरी अजून तिथेच आहे ना, हे तपासून येत होती. सगळे तिला भिंगरी म्हणून हसत होते, आणि त्यांच्यात बाईही होत्या.

त्यांनी मामाला आत बोलावलं. "मामा, मी दोन मिनिटांत आले. हिला सोडून कुठेही जाऊ नका."

"बाई, मघापासून दोघी मला तेच सांगताय. मी काय फुगा आहे का उडून जायला?"

सेटच्या मागच्या बाजूला घर संपत होतं. तिथे भिंतींना रंग नव्हता. नुसतं उघडं प्लायवूड, तिरके टेकू आणि खडूने लिहिलेले आकडे. बाईंचा मुलगा तिथे एकटाच फेऱ्या मारत होता.

"तू तिला सांगितलंस की तिच्या आईने तिला टाकलं," बाई म्हणाल्या.

तो थांबला. नाही म्हणाला नाही.

"कधी? मी होते तिथे. पंधराही दिवस होते."

"तू नव्हतीस. मी तुला वही आणायला पाठवलं होतं. तिच्या हातात शाळेची जुनी वही हवी म्हणून."

बाईंना आठवलं. तीन दुकानं पालथी घालून त्यांनी पिवळ्या पानांची वही शोधली होती. परक्याचा सेट असता तर त्या मुलीला सोडून हलल्या नसत्या. घरचंच काम, आपलाच मुलगा, त्यात काय बघायचं, म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. परत आल्या तेव्हा शॉट झाला होता, सगळे टाळ्या वाजवत होते आणि भिंगरी चॉकलेट खात होती. वही वापरलीच नव्हती.

"म्हणजे मुद्दाम पाठवलंस."

"हो." तो त्यांच्याकडे बघत नव्हता. "आई, आमच्याकडे काय होतं? एक कॅमेरा, दोन खोल्या. तिसऱ्या दिवशी दिवा जळला तर दुसरा नव्हता. यांच्यासारखं आम्ही शहर बुडवू शकत नाही. माझ्याकडे तिचा चेहरा होता, बस. तो खरा नसता तर सिनेमात काही नव्हतंच."

"खरा? खोटं बोलून काढलेला?"

"चेहरा खराच होता. तू स्वतः रडलीस तो बघून. किती लोकांना सांगितलंस, बघा, याला म्हणतात काम."

ते खरं होतं.

"आणि तिला काही झालं का?" तो म्हणाला. "पाच मिनिटांत खेळायला लागली."

"खेळायला लागली असं तुला दिसलं. कॅमेरा बंद झाल्यावर तू बघत कशाला राहशील?" बाईंनी श्वास घेतला. "आज तिला काहीही सांगायचं नाहीस. ऐकतोयस ना?"

"मी तिला काही सांगणारच नाहीये."

तो हे फारच पटकन म्हणाला. शाळेत वर्गाची काच फुटल्यावर सगळ्यात आधी "मी बॉल टाकलाच नाही" म्हणणारा मुलगा त्यांनी किती वेळा पाहिला होता.

"मग काय केलंयस?"

"मी फक्त सांगितलं, मामाला थोडा वेळ बाहेर पाठवा. बाकी तिचं तिलाच सुचेल."

तेवढ्यात प्लायवूडच्या पलीकडून भिंगरीचा आवाज आला. "मामा कुठे आहे?"

बाई धावल्या नाहीत. त्यांच्या गुडघ्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. टेकूंना धरत, वायरी ओलांडत त्या जमेल तितक्या भराभर पुढच्या बाजूला आल्या. लाल दिवा लागलेला होता. दीडशे माणसं श्वास रोखून उभी होती. अभ्यासाच्या खोलीत दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

"भिंगरी," दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून मऊ आवाजात म्हणत होता, "खिडकीतून बघ बरं. मामा दिसतो का?"

बाईंच्या शेजारी एक छोटा पडदा होता, त्यात कॅमेऱ्याला दिसेल ते दिसे. पडद्यावर भिंगरीचा चेहरा होता. खिडकीबाहेर तिला दिसायला फक्त निळं कापड होतं, शहर त्यावर नंतर चढवणार होते, पण ती ते कापड असं बघत होती जसं त्याच्यापलीकडे रस्ता असावा. मग तिची हनुवटी थरथरली.

शॉट फार चांगला होता. दोन वर्षांपूर्वीच्यापेक्षाही चांगला, कारण आता ती नऊ वर्षांची होती आणि रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. बाई ते दिसताच थांबल्या. दोन सेकंद, कदाचित तीन, त्या नुसत्या बघत राहिल्या. इतक्या जवळून इतकं खरं काही त्यांनी पडद्यावर पाहिलं नव्हतं.

मग त्या चौकटीत चालत गेल्या.

कोणीतरी "अहो" म्हणालं. बाई खिडकीपाशी पोचल्या आणि भिंगरी आणि कॅमेरा यांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"मामाला कशासाठी तरी बाहेर पाठवलंय," त्या वर्गात गणित समजावावं तशा सावकाश म्हणाल्या. "तू रडावंस म्हणून. तो गेलेला नाही. आता आपण त्याला फोन लावू." त्या दिग्दर्शकाच्या सहायिकेकडे वळल्या. "लावा फोन. सगळ्यांना ऐकू येईल असा."

सहायिकेने दिग्दर्शकाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. फोन लागला.

"हॅलो? अहो, मी चौकात अडकलोय," मामाचा आवाज आला. "घरून वयाचा दाखला आणतोय. तुम्हीच सांगितलंत ना तो घेऊन या म्हणून?"

"मी नाही सांगितलं, मामा. दाखला माझ्याकडेच आहे. गाडी वळवा."

"म्हणजे काय? बाईंचा निरोप आहे म्हणाले, म्हणून तर उठलो मी." मग आवाज बदलला. "भिंगरी आहे का तिथे?"

"मामा," भिंगरी म्हणाली.

"आलो गं. ही बघ, वळली गाडी. ड्रायव्हरदादा, वळवा म्हटलं ना."

फोन बंद झाला. दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून बाहेर आला. तो चिडलेला होता, पण आवाज चढवला नाही.

"बाई, अजून पस्तीस मिनिटं होती. तुमचा अधिकार वेळेपुरता आहे."

"आणि मूल कोणाजवळ आहे त्याचाही. तिच्या माणसाला तुम्ही माझ्या नावाने खोटा निरोप देऊन बाहेर काढलंत. हे मी लिहून देणार आहे, तुमचं नाव घालून, आणि माझ्या मुलाचंही." त्या भिंगरीकडे वळल्या. खाली बसायला त्यांना वेळ लागला, पण त्या बसल्या. "त्या वेळी दादाने तुला आईबद्दल सांगितलं, तेव्हा मी तिथे असायला हवं होतं. मी वही आणायला गेले. ते माझं चुकलं. आई येणारच होती."

भिंगरीने डोळे पुसले. "तुम्हाला कसं माहीत?"

"म्हणजे?"

"तुम्ही तर वही आणायला गेला होता."

वर्गात असा प्रश्न आला की त्या म्हणत, चांगला प्रश्न आहे, उद्या सांगते. इथे ते चालणार नव्हतं.

"खरंय," त्या म्हणाल्या. "मला माहीत नाही. आईला माहीत असेल. तू तिला कधी विचारलंस?"

भिंगरीने मान हलवून नाही म्हटलं.

"का गं?"

"ती म्हणाली असती, हो, देऊन टाकलं होतं, तर?"

बाईंचा मुलगा सेटच्या कोपऱ्यापर्यंत आला होता. त्याने हे ऐकलं असणार. तो पुढेही आला नाही आणि मागेही गेला नाही.

तीन वाजून पाच मिनिटांनी मामा घामाघूम होऊन आला. आल्याआल्या तो सहायिकेला म्हणाला, "पुन्हा दाखला हवा असेल ना, तर आधी माझा मृत्यूचा काढून ठेवा," आणि भिंगरीच्या शेजारी जाऊन बसला.

दिग्दर्शकाने बाईंना विचारलं, एक टेक घेऊ का. बाई म्हणाल्या, मला नका विचारू. त्याने भिंगरीला विचारलं, नुसतं बघशील का खिडकीतून, रडायचं नाही. भिंगरी म्हणाली, मामा कॅमेऱ्याशेजारी उभा राहिला तर. मामा उभा राहिला. सव्वातीनला टेक झाला. भिंगरी खिडकीतून बघत होती, चेहरा कोरडा, थोडा रागावलेला. दिग्दर्शकाने तो पडद्यावर दोनदा पाहिला.

"चालेल," तो म्हणाला. मग बाईंजवळ येऊन, फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुम्ही मध्ये आलात तो शॉट नव्हताच झाला असं समजू. पण तुमच्या मुलाचा तो जुना शॉट चांगलाच आहे, बाई. हे सगळं कळल्यावरही."

"हो," बाई म्हणाल्या. "मीही मघाशी थांबून पाहिलं ना."

निर्मात्याने गोष्ट ऐकली नाही. सहायिका बाईंच्या मुलाला "आम्ही कळवतो" म्हणाली. तो फाटकाकडे निघाला तेव्हा भिंगरी मामाचा हात सोडून त्याच्या मागे गेली. दिवसभरात पहिल्यांदाच ती त्याच्या इतक्या जवळ गेली होती.

"दादा, तू माझ्या आईला सांग."

"काय सांगू?"

"मला जे सांगितलं होतंस ते. म्हणजे मग ती सांगेल."

त्याने बाईंकडे पाहिलं. शाळेतून शिक्षकांची चिठ्ठी आणल्यावर तो असाच बघायचा. बाईंनी काही सुचवलं नाही.

"मामाने सांगितलं तर?" त्याने भिंगरीला विचारलं.

"मामाने नव्हतं सांगितलं. तू सांगितलं होतंस."

गाडीत चौघं बसले. मागे हौदात पाणी सोडल्याचा आवाज सुरू झाला होता, पण कोणी वळून पाहिलं नाही. वाटेत भिंगरी त्याला शिकवत होती. "आधी चप्पल काढायची. मग बस म्हणेल, पण बसू नकोस. आधी सांगायचं." मामा खिडकीबाहेर बघत होता. त्याला विनोद सुचत नव्हता, हे बाईंना त्याच्या खांद्यांवरून कळत होतं.

भिंगरीची आई एका इस्पितळाच्या धुलाईखात्यात काम करायची. नुकतीच घरी आली होती, हात अजून पाण्याने सुरकुतलेले. दारात इतकी माणसं बघून ती घाबरली.

"काय झालं? लागलं का हिला कुठे?"

"नाही, ताई. सगळं ठीक आहे. आधी याचं ऐकून घे," मामा म्हणाला.

"या ना, बसा."

कोणी बसलं नाही. बाईंच्या मुलाने चपला काढल्या होत्या. तो उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून उभा राहिला आणि सांगायला लागला. आधी तो सिनेमाबद्दल सांगत होता, वेळ कसा कमी होता, उजेड जात होता. भिंगरी म्हणाली, "ते नको." मग त्याने ते वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. ते त्याला शब्दन्‌शब्द पाठ होतं.

आई ऐकत होती. तिने तो सिनेमा आपल्या सगळ्या नातेवाइकांना दाखवला होता. फोनवर तो शॉट थांबवून, ही बघा आमची, असं सांगितलं होतं. ते बहुधा तिला आठवत असावं, कारण तिचा हात एकदा फोनकडे गेला आणि मागे आला. बाईंच्या मुलाकडे तिने पाहिलंच नाही.

"दोन वर्षं?" तिने भिंगरीला विचारलं.

"तू येणार होतीस का?"

"मी आले होते." आई खाली बसली, भिंगरीच्या उंचीला. "चार वाजता यायला सांगितलं होतं, मी साडेतीनलाच आले. दारावर एक पोरगी उभी होती, ती म्हणाली शॉट चालू आहे, आत सोडता येत नाही, आवाज करू नका. मग मी बाहेर बसले."

"बाहेर कुठे?"

"जिन्यात."

"खालच्या का वरच्या?"

"खालच्या. वळणाच्या अलीकडे."

"मी रडले ते ऐकू आलं का तुला?"

"आलं," आई म्हणाली. "मला वाटलं, काम करतेयस. मला वाटलं, किती छान करतेय."

भिंगरीने यावर विचार केला. बाईंचा मुलगा भिंतीला टेकला होता आणि त्याने एक हात डोळ्यांवर धरला होता. पण आता तिथे त्याच्याकडे बघणारं कोणी नव्हतं.

"किती वेळ बसलीस?"

"अर्धा तास. जास्तच."

"कोणत्या पायरीवर?"

"मोजली नाही गं."

"आठव ना," भिंगरी म्हणाली आणि आईच्या समोर मांडी घालून बसली.